झाड, तार, बटण, जाळे : एका पेशीच्या चार प्रतिमा

१

शास्त्रीय निबंधांची समीक्षा साहित्याच्या अभ्यासकाने करावी काय? प्रयोगांची करू नये; ते काम त्या क्षेत्रातल्या जाणकारांचे. पण शास्त्रज्ञही लिहितात, आणि लिहिताना उपमा वापरतात. त्या उपमा प्रयोगशाळेतून पाठ्यपुस्तकात जातात, तिथून वर्तमानपत्रात आणि शेवटी आपल्या बोलण्यात येतात. या प्रवासात त्यांचे काय होते हे पाहणे समीक्षकाच्या कामात बसते, असे मी मानतो.

उपमेची चार अंगे आपण शाळेत शिकलो : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्य दाखवणारा शब्द. 'मुख कमळासारखे' ही उपमा. 'सारखे' गळाले आणि 'मुखकमळ' उरले, की रूपक. 'हे मुख नव्हेच, कमळ आहे' म्हटले, की अपन्हुती. 'कमळाहूनही सुंदर' म्हटले, की व्यतिरेक. काव्यात या प्रत्येक पायरीवर शोभा वाढते. शास्त्रात मात्र प्रत्येक पायरीवर काहीतरी झाकले जाते.

माझे उदाहरण चेतापेशीचे आहे. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी असतात. शालेय पुस्तकातली आकृती सगळ्यांना आठवत असेल : मधोमध पेशीकाय, तिच्याभोवती आखूड फांद्या, म्हणजे वृक्षिका, आणि एका बाजूने निघालेला लांबलचक अक्षतंतू. वृक्षिका संदेश घेतात, अक्षतंतू तो पुढे पाठवतो. यात चूक काही नाही. पण 'वृक्षिका' या लघुत्वदर्शक, नाजूक शब्दामागे एक मोठी गोष्ट दडून राहते. मेंदूच्या बाह्यकातल्या एका मोठ्या पिरॅमिडल पेशीवर इतर पेशींचे हजारो, कधी दहा हजारांच्या घरात जाणारे संपर्कबिंदू असतात, आणि त्यांतले बहुतेक या फांद्यांवरच असतात. पेशीच्या पटलाचा बहुतांश पसाराही फांद्यांचाच असतो.

मग प्रश्न असा, की इतक्या मोठ्या पसाऱ्याचे काम फक्त निरोप पोचवण्याचे आहे, की निरोपांचा हिशोबही तिथेच होतो? या प्रश्नाकडे दीर्घकाळ फार थोड्यांनी लक्ष दिले. उपकरणे अपुरी होती हे त्याचे एक कारण. दुसरे कारण माझ्या मते भाषेतले आहे : एका चांगल्या उपमेतला 'जणू' गळून पडला. आणि आज या फांद्यांचे कौतुक सुरू झाले असताना दुसऱ्या एका उपमेतला 'जणू' तसाच गळू लागला आहे.

२

पहिली प्रतिमा झाडाची. १८७३ साली इटलीतल्या कामिलो गोल्जी यांनी चेतापेशी रंगवण्याची एक रीत प्रसिद्ध केली. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवलेला मेंदूचा तुकडा सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवला, की त्यातल्या अगदी थोड्या पेशी काळ्याभोर होतात, पण ज्या होतात त्या शेंड्यापर्यंत पूर्ण. या रीतीचे सारे मोल तिच्या कंजूषपणात आहे. सगळ्याच पेशी रंगल्या असत्या तर काळ्या डागाखेरीज काही दिसले नसते.

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती रीत १८८७ मध्ये पाहिली, सुधारली, आणि पुढच्याच वर्षी बार्सिलोनातून पक्ष्यांच्या मेंदूवरचे निष्कर्ष छापायला सुरुवात केली. गोल्जींच्या मते सगळ्या पेशी मिळून एक अखंड जाळे होते आणि फांद्यांचे काम पोषण शोषून घेण्याचे होते. काहालांच्या मते प्रत्येक पेशी स्वतंत्र होती आणि फांद्या संदेश घेत होत्या. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हाही गोल्जींनी आपल्या व्याख्यानात काहालांच्या सिद्धांताला विरोधच केला.

मला या दोघांच्या वादाइतकाच काहालांच्या चित्रांतला बाण महत्त्वाचा वाटतो. संदेश फांद्यांकडून पेशीकायेकडे आणि तिथून अक्षतंतूकडे, असाच एका दिशेने वाहतो, हा त्यांचा नियम. तो दाखवायला त्यांनी चित्रांत छोटे बाण काढले. उभ्या रंगलेल्या पेशीत विजेचा प्रवाह दिसत नाही. बाण हा आकारावरून केलेला तर्क होता. तर्क मुख्यतः बरोबर निघाला, आणि त्या काळात ती झेप विलक्षण होती. पण त्या बाणाने झाडाची नदी केली. फांद्या उपनद्या झाल्या. उपनदीला पाणी आणण्यापलीकडे दुसरे काम नसते. गोल्जींनी फांद्यांना मुळांचे काम दिले होते, काहालांनी ओढ्यांचे दिले. त्यांनी स्वतः काही ठरवावे, असे दोघांच्याही चित्रात नव्हते.

३

दुसरी प्रतिमा बटणाची. १९४३ साली वॉरन मॅकलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी चेतापेशींच्या व्यवहाराचे तर्कशास्त्र मांडणारा निबंध लिहिला. संगणकशास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. त्यातली पेशी अगदी साधी : ठरावीक संख्येने संदेश एकदम आले तर पेटायचे, नाहीतर गप्प राहायचे. अशा पेशी योग्य रीतीने जोडल्या तर तर्कशास्त्रातली विधाने त्यांच्याकडून सोडवून घेता येतात, हे त्यांनी दाखवले.

हा निबंध मी मन लावून वाचला तो त्यातल्या गृहीतकांसाठी. लेखकांनी ती पाच कलमांत उघड लिहून दिली आहेत. त्यांतले एक असे, की पेशी पेटवायला जितके संदेश लागतात ती संख्या ठरलेली असते आणि ते पेशीवर कुठे पडले यावर ती अवलंबून नसते. दुसरे असे, की रोखणारा एकही संदेश आला तरी पेशी पूर्ण थांबते. पहिल्या कलमाने एका ओळीत संपूर्ण झाड छाटून टाकले. जागेला अर्थच उरला नाही, तर फांदी असली काय आणि नसली काय! पण लेखकांनी हे लपवले नाही. 'एवढे मानले तर पुढचे सिद्ध होते' अशी त्यांची भूमिका होती. उपमेची चारही अंगे जागेवर होती.

गळती पुढे झाली. १९५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लॅट यांनी पर्सेप्ट्रॉन मांडला. प्रत्येक संदेशाला वजन द्यायचे, वजनांची बेरीज करायची, बेरीज मर्यादेपलीकडे गेली तर होकार. वजने बदलून यंत्र शिकू लागले. या गणिती एककालाही 'न्यूरॉन' म्हणायची रीत पडली. आता 'न्यूरॉन' म्हणजे बेरीज करणारे बटण, हे रूपक झाले. खऱ्या पेशीचे नाव बटणाला मिळाले आणि बटणाचे गुण खऱ्या पेशीला चिकटले.

बटणाची मर्यादा १९६९ मध्ये मार्विन मिन्स्की आणि सिमूर पॅपर्ट यांच्या पुस्तकाने ठळक केली. घरातल्या जिन्याचा दिवा आठवा. एक बटण खाली, एक वर. कोणतेही एक दाबले तर दिवा लागतो. दोन्ही दाबली तर विझलेलाच राहतो. 'एक आले तर हो, दोन्ही आली तर नाही' हा निर्णय बेरीज करणाऱ्या एकट्या एककाला घेता येत नाही. एकेकट्या संदेशाने मर्यादा ओलांडली, तर दोघांच्या बेरजेने ती ओलांडलीच पाहिजे. यासाठी एककांचा आणखी एक थर लागतो. म्हणजे जिन्याचा दिवा सांभाळायला एक पेशी पुरत नाही, पेशींचे जाळे लागते, असा समज रूढ झाला. बटणाबद्दल तो खराच होता. पेशीबद्दल तो तपासायचा राहिला होता.

४

तिसरी प्रतिमा तारेची, आणि तिचा नायक विल्फ्रिड रॉल. भौतिकशास्त्र शिकलेले रॉल १९४९ मध्ये न्यूझीलंडच्या डनिडनला जॉन एकल्स यांच्याकडे काम करायला गेले. एकल्स हे त्या काळातले या क्षेत्रातले मोठे नाव. १९६३ चे नोबेल त्यांना मिळाले. पाठीच्या कण्यातल्या पेशींत सूक्ष्म काचनळी घालून त्यांनी जी मापने घेतली, त्यांचा अर्थ लावताना फांद्यांना फारसे महत्त्व नव्हते. लांबच्या फांदीवर आलेला संदेश पेशीकायेपर्यंत पोचताना इतका विरतो, की तो धरण्याचे कारण नाही, असे तेव्हा अनेकांना वाटे.

१९५७ आणि १९५९ मधल्या आपल्या लेखांत रॉल यांनी दाखवले, की मापनांतला काही भाग फांद्यांकडे निसटणाऱ्या विजेमुळे तसा दिसतो. फांद्या हिशोबात घेतल्या तर उत्तर बदलते. यासाठी त्यांनी वापरलेले गणित जुने होते. समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकायची तर संदेश वाटेत किती विरेल, याचा हिशोब केल्व्हिन यांनी १८५० च्या दशकात केला होता. भोके पडलेल्या रबरी नळीतून पाणी सोडले तर दूरच्या टोकाला जोर कमी मिळतो, तेच विजेचे.

हे उपमान वरवर पाहता बटणापेक्षाही रुक्ष आहे. तार तर नुसती वाहते आणि गळते. पण रॉल यांनी गळतीतूनच गणन काढले. १९६४ च्या निबंधात त्यांनी एका काल्पनिक फांदीवर चार जागी, एकामागून एक संदेश टाकून पाहिले. संदेश शेंड्याकडून बुंध्याकडे या क्रमाने आले, तर पेशीकायेत लाट उंच उठते. तेच संदेश, तितकेच, उलट क्रमाने आले, तर लाट बुटकी राहते. आषाढी वारी ठाऊक असलेल्याला हे चटकन कळेल. मुक्ताईनगरची पालखी लांबची, म्हणून ती आळंदीच्या आधी निघते. तेव्हाच सगळ्या वाखरीला एकत्र येतात. जवळची आधी निघाली असती तर गर्दी पांगली असती. फांदीवरही दूरचा संदेश आधी आणि जवळचा नंतर निघाला, तर ते एकमेकांत मिसळतात. म्हणजे नुसत्या गळक्या तारेलाही क्रम ओळखता येतो. १९४३ च्या ज्या कलमाने जागेचे महत्त्व पुसले होते, ते इथे परत आले.

दुसऱ्या कलमाचे उत्तर क्रिस्टॉफ कॉख, तोमासो पोज्जो आणि विन्सेन्झो तोरे यांनी १९८३ मध्ये दिले. रोखणारा संदेश पेशीवर कुठेही पडला तरी सारखाच, हे त्यांच्या गणितात टिकत नाही. उत्तेजक संदेश आणि पेशीकाया यांच्या वाटेवर तो पडला, तर त्या फांदीला गप्प करतो. बाजूच्या फांदीवर पडला, तर फारसे बिघडवत नाही. एका पेशीत असे अनेक स्थानिक होकार-नकार एकाच वेळी नांदू शकतात.

समीक्षक म्हणून मला रॉल यांचे लेखन या सगळ्यांत वरच्या दर्जाचे वाटते. तारेशी असलेले साम्य कुठे लागू होते आणि कुठे थांबते, हे त्यांनी समीकरणांतच लिहून ठेवले. त्यामुळे त्यांची उपमा तपासता आली. २०१० साली लंडनमध्ये तियागो ब्रांको, मायकेल हाउसर आणि सहकाऱ्याने उंदीरवर्गातल्या प्राण्याच्या बाह्यकातल्या खऱ्या फांदीवर प्रकाशाच्या साहाय्याने एकेका बिंदूवर ग्लुटामेट सोडून तो प्रयोग केला. शेंड्याकडून बुंध्याकडे येणाऱ्या क्रमाला प्रतिसाद मोठा मिळाला. भाकीत आणि पडताळा यांत शेहेचाळीस वर्षे गेली.

५

त्या प्रयोगात मात्र फरकाचे कारण नुसती गळती नव्हती. मधल्या काळात फांद्यांची तार जिवंत असल्याचे कळले होते. रोदोल्फो यिनास यांनी अनुमस्तिष्कातल्या पुरकिंजे पेशींच्या फांद्यांत कॅल्शियमच्या विद्युत्‌ठिणग्या नोंदवल्या. १९९४ मध्ये ग्रेग स्टुअर्ट आणि बर्ट साकमान यांनी दाखवले, की पेशीकायेजवळ उठलेली ठिणगी अक्षतंतूत पुढे जाते तशी फांद्यांतून मागेही चढते. काहालांच्या बाणाला उलट दिशेचा जोडीदार मिळाला. २००० साली जॅकी शिलर आणि सहकाऱ्यांनी बारीक फांद्यांत एनएमडीए ग्राहीमुळे उठणाऱ्या स्थानिक ठिणग्या दाखवल्या. हा ग्राही गमतीचा आहे. त्याचे दार उघडायला रासायनिक निरोप तर हवाच, शिवाय फांदीतली वीज आधीच थोडी चढलेली हवी. तेव्हा एकाच फांदीवर जवळजवळ पडलेले काही संदेश ठिणगी पाडतात. तेवढेच संदेश वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरले तर पडत नाही. बेरीज संपली, इथे गटवारी सुरू झाली.

१९९९ मध्ये मॅथ्यू लार्कम, ज्युलियस झू आणि साकमान यांनी आणखी एक दुवा जोडला. बाह्यकातल्या मोठ्या पिरॅमिडल पेशीला बुंध्याशी एक झुपका आणि खूप वर, पृष्ठभागाजवळ दुसरा झुपका असतो. खालून उठलेली ठिणगी वर चढत असताना, काही मिलिसेकंदांच्या आत वरच्या झुपक्यावर संदेश आला, तर मोठी कॅल्शियमची ठिणगी पडते आणि पेशी एकाऐवजी लागोपाठ अनेक ठिणग्या सोडते. खालून बाहेरच्या जगाची बातमी, वरून मेंदूच्या इतर भागांतला संदर्भ, आणि पेशी त्यांची सांगड घालते, असा याचा अर्थ लार्कम लावतात. अर्थ मोहक आहे. निरीक्षण आणि अर्थ यांतले अंतर मात्र वाचकाने लक्षात ठेवलेले बरे.

कालमर्यादाही मिलिसेकंदांपुरती नाही. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उपिंदर भल्ला यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाने दाखवले, की फांदीतल्या रासायनिक अभिक्रिया आणि रेणूंचे पसरणे यांतून काही सेकंदांचा क्रमही ओळखता येऊ शकतो.

६

आता चौथी प्रतिमा, जाळ्याची. पनायोता पोइराझी, टेरेन्स ब्रॅनन आणि बार्टलेट मेल यांनी २००३ मध्ये म्हटले, की एक पिरॅमिडल पेशी दोन थरांच्या कृत्रिम जाळ्यासारखी वागते : पहिला थर फांद्यांचा, दुसरा पेशीकायेचा. इथे 'सारखी' शाबूत आहे. पेशीच्या तपशीलवार प्रारूपाशी त्यांनी तुलना केली आणि साधारणधर्म सांगितला.

२०२० मध्ये अल्बर्ट गिडॉन, लार्कम आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. अपस्मार किंवा गाठ यांच्या शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या मानवी बाह्यकाच्या तुकड्यांत त्यांना फांद्यांवरची एक नवी कॅल्शियम-ठिणगी सापडली. ती विचित्र होती : जेमतेम पुरेशा उत्तेजनाला ती सर्वांत जोरदार, आणि उत्तेजन वाढवले की क्षीण. असे असेल तर जिन्याचा दिवा एका फांदीतच बसतो. एक संदेश आला की ठिणगी, दोन आले की शांतता. १९६९ ची अट एका पेशीने मोडली, ही बातमी जगभर गेली. पण निबंध बारकाईने वाचला तर दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. ठिणगीचा विचित्र स्वभाव मोजलेला आहे. जिन्याच्या दिव्याचे गणित त्या स्वभावावर रचलेल्या प्रारूपात दाखवलेले आहे. पेशीला हे करता येईल आणि डोक्यात ती हे करते, या दोन विधानांमध्ये पुष्कळ काम पडून आहे. लेखकांनी हे अंतर राखले. बातम्यांतून ते मिटले.

२०२१ मध्ये डेव्हिड बेनियागेव, इदान सेगेव आणि मायकेल लंडन यांनी प्रश्न उलटा विचारला : एका पेशीची हुबेहूब नक्कल करायला किती थरांचे कृत्रिम जाळे लागेल? उत्तर आले, पाच ते आठ. हाच आकडा सर्वतोमुखी झाला. 'एक पेशी बटण नाहीच, ते एक खोल जाळे आहे', ही चक्क अपन्हुती. त्यापुढे 'पेशी कृत्रिम न्यूरॉनहून कितीतरी श्रेष्ठ' हा व्यतिरेकही आला.

माझा आक्षेप इथे आहे. ती नक्कल खऱ्या पेशीची नसून पेशीच्या संगणकीय प्रारूपाची होती. शिवाय नक्कल करायला किती थर लागतात, हे नक्कल कोणत्या साधनाने केली यावरही अवलंबून असते. पखवाजाचा आवाज पेटीवर काढायला किती पट्ट्या दाबाव्या लागतात, यावरून पखवाजात पट्ट्या असल्याचे सिद्ध होत नाही. त्या निबंधातली खरी मोलाची ओळ मला दुसरीच वाटते : प्रारूपातून एनएमडीए ग्राही काढून टाकले, तर एकाच मधल्या थराचे लहान जाळे पुरते. गुंतागुंत कुठून येते, याचे बोट धरून दाखवलेले ते कारण आहे. आकडा गाजला आणि कारण मागे पडले.

७

हा सारा शब्दांचा कीस आहे, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. १९७४ मध्ये डॉमिनिक पर्पुरा यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या बालकांच्या मेंदूतल्या पेशी तपासल्या, तेव्हा फांद्यांवरचे सूक्ष्म काटे, ज्यांवर संदेश उतरतात, ते विरळ आणि विकृत आढळले. फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकारातही हे काटे लांबट आणि अपक्व दिसतात. पेशी म्हणजे बटण असे मानणाऱ्याला हे जोडणीतले बिघाड वाटतील. फांदी गणन करते असे मानणाऱ्याला ते विचार करण्याच्या जागेचेच बिघाड वाटतील. कुठे शोधायचे, हे आधी कोणती प्रतिमा मनात आहे यावर ठरते.

दुसरी गोष्ट रोजच्या बोलण्यातली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत यंत्रातल्या एककांची किंवा वजनांची संख्या मेंदूतल्या पेशींच्या संख्येशेजारी मांडली जाते आणि अंतर किती उरले ते सांगितले जाते. दोन्हीकडे 'न्यूरॉन' हा एकच शब्द असल्याने ही वजाबाकी शक्य वाटते. ती खरे तर दोन वेगवेगळ्या मापांची आहे. बटणाची प्रतिमा टाकून द्यावी, असे मी यातून म्हणत नाही. तिच्यावर उभी राहिलेली यंत्रे भाषांतर करतात, चित्रे ओळखतात. झाड छाटूनही इतके साधते, ही १९४३ च्या दोघांची मोठी करामत आहे. आक्षेप आहे तो छाटल्याचा विसर पडण्याला, आणि आता छाटलेले परत मिळाल्यावर त्यालाच जाळे म्हणून नवे रूपक रोवण्याला.

या चार प्रतिमांत मी तारेला पहिले स्थान देतो. ती सर्वांत कमी दिमाखदार आहे. पण आपण कुठपर्यंत खरे हे तिने आधी सांगितले आणि म्हणून ती चुकू शकत होती, तपासता येत होती. झाडाने आकार दिला आणि बाणाने तो बांधला. बटणाने यंत्रे दिली आणि पेशी झाकली. जाळ्याचा निकाल अजून लागायचा आहे. त्याच्या बाजूचे पुरावे वाढत आहेत, त्याहून वेगाने त्याची ख्याती वाढते आहे.

आपल्यापुरते एक लहान काम मात्र लगेच करता येईल. मराठी पाठ्यपुस्तकांत आणि विज्ञानलेखांत वृक्षिकांचे कार्य एका वाक्यात येते : त्या संदेश घेतात आणि पेशीकायेकडे नेतात. त्या वाक्याला एवढी जोड द्यावी, की संदेश कुठे पडले, कोणत्या क्रमाने आले आणि जवळजवळ आले की विखुरले, यावर पेशीकायेपर्यंत काय पोचायचे ते पुष्कळदा फांदीतच ठरते. यातला प्रत्येक शब्द प्रयोगाने मिळालेला आहे, आणि नववीतल्या मुलाला तो समजण्यासारखा आहे.